मुद्रेवरचा चेहरा आणि मुद्रेतली चांदी

इ.स.पू. ४४ मध्ये रोमच्या देनारियस या चांदीच्या नाण्यावर ज्युलियस सीझरचा चेहरा उमटला. हयात माणसाला रोमच्या टांकसाळीने हा मान प्रथमच दिला. तोवर तो देवदेवतांचा, फार तर दिवंगत पूर्वजांचा. सीझर राजा होऊ पाहतो म्हणून त्याला मारणाऱ्या ब्रूटसने दोनेक वर्षांनी काढलेले नाणे पाहावे: मागे दोन खंजीर, मधोमध मुक्त गुलामाची टोपी आणि पुढे खुद्द ब्रूटस! पगार कोण देतो हे शिपायाला दिसले पाहिजे, एवढे प्रजासत्ताकाच्या कैवाऱ्यालाही कळत होते. अशा दाखल्यांवरून रोमन नाणे म्हणजे सम्राटाचे प्रचारपत्रक, असे म्हणण्याचा प्रघात पडला. मला तो अर्धाच पटतो. चेहऱ्याला वजन होते ते चांदीमुळे.

रोमन लेखक प्लिनीने सिंहलद्वीपच्या राजाची हकिकत दिली आहे. देनारियसवरचे चेहरे निरनिराळे, तरी वजन सारखे, हे पाहून राजा रोमनांच्या सचोटीवर खूश झाला. सम्राट कोण, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. दक्षिण भारतातल्या निधींत ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे देनारियस मुबलक सापडतात, इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने वजन आणि कस दोन्ही घटवल्यानंतरचे मात्र विरळा. आपल्या व्यापाऱ्यांनी मुखवटा नव्हे, कस पारखला.

यावर कोणी म्हणेल, साम्राज्याबाहेरच्या सराफाचे ठीक आहे. आत तर हिणकस नाणेही चाललेच की. खरे आहे. कॅराकल्लाने २१५ मध्ये काढलेल्या नव्या नाण्याची किंमत दोन देनारियस, वजन मात्र जेमतेम दीडपट, आणि सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट. चांदी घटू लागली तेव्हाच तेज वाढावे, हा योगायोग बोलका आहे. गॅलियेनसच्या काळापर्यंत त्यात शेकडा पाच भागही चांदी उरली नाही. लोकांनी ते घेतले, कारण सरकार तेच देत होते. पण जुनी चोख नाणी मडक्यांत दडली, भाव चढले, आणि ३०१ मध्ये डायोक्लेशियनला जिनसांचे कमाल दर फर्मानाने ठरवावे लागले. हुकमाने नाणे चालवता आले, भाव रोखता आला नाही.

हीच पारख आपल्याकडेही दिसते. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकली होती. शत्रूचा चेहरा त्याने ठशाखाली चेपला. चांदी वितळवण्याची तसदी घेतली नाही.