सम-विषमाचा करार: लिनक्सच्या आवृत्त्यांचे आकडे

मंडळी, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणजे पहिली संपली, एवढंच आपण समजतो. सॉफ्टवेअरमध्ये आवृत्तीचा आकडा कधी नुसतं नाव असतो, कधी वर्णन, आणि कधी चक्क वचन. आज आपण लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं, उदाहरण घेऊ. तिथे हे वचन दिलं गेलं, काही वर्षं पाळलं गेलं आणि मग विचारपूर्वक मागे घेतलं गेलं.

लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये ०.०१ काढली. ०.१२ नंतर, मार्च १९९२ मध्ये, त्यांनी एकदम ०.९५ वर उडी मारली. १.० आता आलंच, असा अंदाज. ते यायला मार्च १९९४ उजाडलं! मधल्या काळात ०.९९ ला पंधरापर्यंत उपक्रमांक लागले, शिवाय त्यांना ए, बी, सी अशी शेपटं. झेनोचा अकिलीज आठवतो ना? अंतर कमी होतंय, पण पोचणं काही होत नाही. (डोनाल्ड क्नूथ यांनी तर 'टेक'चे आकडे मुद्दामच ३.१४, ३.१४१ असे पायच्या दिशेने नेले. त्यांना पोचायचंच नव्हतं.)

१.० नंतर एक साधा नियम आला. दुसरा आकडा सम असेल तर आवृत्ती स्थिर, विषम असेल तर प्रयोगाची. २.०, २.२, २.४ सगळ्यांनी वापरायच्या, २.१, २.३ ज्यांना मोडतोड सोसेल त्यांनी. आम्हाला हा नियम फार आवडतो. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला, कुणालाही न विचारता, नुसत्या आकड्यावरून कळायचं की याला हात लावावा की नाही.

मग तो सोडला का? २.४ आली जानेवारी २००१ मध्ये, २.६ डिसेंबर २००३ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं. नवं काम २.५ मध्ये साठत होतं आणि ग्राहकांना ते आजच हवं होतं. लिनक्स पुरवणाऱ्या कंपन्यांनी मग २.५ मधलं काम उचलून आपापल्या २.४ मध्ये घातलं. आकडा तोच, वस्तू प्रत्येकाची निराळी! पाटी 'स्थिर' सांगत होती, आणि तिच्यावर विसंबणाऱ्याला आत काय आहे ते कळत नव्हतं. आमच्या मते नियम इथेच संपला. २००४ मध्ये २.७ उघडायची नाही, नवं काम २.६ मध्येच करायचं, असं ठरलं, ती नुसती नोंद. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती येऊ लागली.

२०११ मध्ये २.६.३९ नंतर टोरवाल्ड्स यांनी सरळ ३.० केलं. मोठा बदल काही नव्हता, लिनक्सला वीस वर्षं झाली होती इतकंच. पुढे ४.२० नंतर ५.० आलं, त्याचं कारण त्यांनी दिलं ते असं, की मोजायला हातापायांची बोटं संपली.

पण ३.० ची एक गंमत सांगायलाच हवी. काही जुने प्रोग्राम आकड्याच्या सुरुवातीला '२.६' असणारच असं धरून लिहिलेले होते. ते अडले. तेव्हा कर्नलमध्ये एक सोय घातली गेली, की अशा प्रोग्रामपुरतं ३.० ने स्वतःला २.६.४० म्हणवून घ्यायचं. याला लबाडी म्हणायचं का? आम्ही नाही म्हणत. त्या प्रोग्रामला विचारायचं होतं ते एवढंच, की मी तुझ्यावर चालेन का? आणि त्याचं उत्तर 'हो' असंच होतं.