पहारेकरी झोपला तर? हायब्रिड गाडीतील छोट्या बॅटरीचा इतिहास

 

या मालेत आपण लढायांचा, पलटणींचा आणि शस्त्रांचा इतिहास पाहत आलो. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, साहेबांनी निवृत्तीनंतर गॅरेज उघडले की काय! तसे काही नाही. गेल्या डिसेंबरात माझ्या दारात एक प्रसंग घडला, त्याचे कारण शोधता शोधता मी दीडशे वर्षे मागे गेलो. तेच आज सांगणार आहे.

आम्ही दोघे पाच आठवडे पुण्याला मुलीकडे होतो. परत आलो त्याच रात्री, पहाटे साडेचारला शेजारच्या सुभेदार मेजर साहेबांनी दार वाजवले. वहिनींच्या छातीत दुखत होते, घाम फुटला होता. माझी हायब्रिड गाडी अंगणातच होती. वहिनींना मागच्या सीटवर बसवले आणि स्टार्टचे बटण दाबले. समोरचे दिवे उजळले, मग सगळे एकदम लुकलुकू लागले. कुठूनतरी टिक-टिक-टिक आवाज आला. पडद्यावर सूचना आली, हायब्रिड सिस्टीम तपासा. गाडी मात्र जागची हलेना. तीनदा, चारदा बटण दाबले. शेवटी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला उठवून आणले. वीस मिनिटे गेली.

वहिनी वाचल्या, आज ठणठणीत आहेत. पण डॉक्टर म्हणाले होते की अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते. ती वीस मिनिटे मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपने गाडी न पाहताच फोनवर सांगितले की मोठी बॅटरी गेली असणार, लाखाच्या खर्चाची तयारी ठेवा. मग सदर भागातला एक जुना बॅटरीवाला आला. त्याने मीटर लावला. ११.४ व्होल्ट. तो हसून म्हणाला, "साहब, बड़ी नहीं, छोटी गई है." काही हजारांत काम झाले.

मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. मी सिग्नल्सचा अधिकारी. याच जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये तरुणपणी बॅटरी चार्जिंग रूमच्या लॉग बुकवर मी सह्या केल्या आहेत. वायरलेस सेट कितीही उत्तम असो, बॅटरी बसली की तो नुसता पत्र्याचा डबा, हे मी जवानांना शिकवले. आणि माझ्याच दारातली बॅटरी बसली!

शब्द तोफखान्याचा

'बॅटरी' हा शब्द मुळात आमचा, म्हणजे फौजेचा. एका रांगेत मांडलेल्या तोफा म्हणजे बॅटरी. अठराव्या शतकाच्या मध्यात बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्या रांगेने जोडल्या आणि तोफांच्या रांगेवरून त्यांना बॅटरी म्हटले. ज्या शहरात १९०४ पासून तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी आहे, त्या शहरातल्या माणसाला ही गोष्ट सांगताना थोडा अभिमान वाटणारच.

पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी केली. शिशाच्या पट्ट्या आणि सल्फ्युरिक आम्ल, एवढाच मामला. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची पद्धत आणली आणि ती कारखान्यात बनवण्याजोगी झाली. आज तुमच्या गाडीत जी बॅटरी आहे, ती याच बॅटरीची वंशज.

सुरुवातीच्या पेट्रोल गाड्या मात्र हातानेच सुरू कराव्या लागत. पुढे लोखंडी हँडल घालून फिरवायचे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचे, कधी जबडा. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी यावर उपाय काढला. ते आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनवत असत. गल्ला उघडायला मोटरने क्षणभरच जोर लावायचा असतो, दिवसभर नाही. इंजिनालाही पहिला धक्का क्षणभरच हवा, हे त्यांनी ओळखले. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्यांचा सेल्फ-स्टार्टर आला. त्यात एकच यंत्र आधी मोटर होऊन इंजिन फिरवायचे आणि इंजिन सुरू झाले की जनरेटर होऊन बॅटरी भरायचे. हे लक्षात ठेवा, पुढे आपण याच कल्पनेकडे परत येणार आहोत.

बरीच वर्षे गाड्यांत ६ व्होल्ट चालले. इंजिने मोठी झाली, ती फिरवायला जास्त ताकद लागू लागली, म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकेतील गाड्या १२ व्होल्टवर आल्या आणि हळूहळू १२ व्होल्ट हीच जगाची रीत झाली. व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच कामाला विद्युत प्रवाह निम्मा पुरतो आणि तारा बारीक चालतात. रणगाडे आणि जड लष्करी ट्रक यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट करतात, तेही याच हिशेबाने.

हँडल, धक्का आणि कान

आता आपल्या देशात येऊ. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात बनलेली पद्मिनी आपल्यापैकी अनेकांनी चालवली असेल. जबलपूरची व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. शक्तिमान ट्रक, निस्सान वन-टन आणि जोंगा या फौजेच्या गाड्या इथल्या. जोंगा हे नावच जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आले. १९९९ पर्यंत ती बनत होती.

त्या काळात बॅटरी बसली तर तीन आधार होते. पहिला, हँडल. जुन्या जीप, अँबॅसेडर, पद्मिनी यांच्या डिकीत ते असायचेच. दुसरा, धक्का. चार जवान मागे लावा, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा, गाडी सुरू. तिसरा आधार कानाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. बॅटरी अशक्त होऊ लागली की स्टार्टर रोज थोडा थोडा हळू फिरायचा. खणखणीत घर्र घर्रच्या जागी रडवेला घ...र्र यायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "सर, बॅटरी बदलायला हवी." म्हणजे बॅटरी मरण्याआधी दोन-तीन आठवडे सांगत असे.

हायब्रिड गाडीत हे तिन्ही आधार गेले. हँडल नाही, धक्का मारून उपयोग नाही, आणि बॅटरी बोलत नाही.

१९९७ नंतर

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस विक्रीस आली. तिच्या मोठ्या बॅटरीत १.२ व्होल्टचे २४० सेल होते, म्हणजे २८८ व्होल्ट. इंजिन सुरू करायला वेगळा स्टार्टर नाही. मोठ्या बॅटरीवर चालणारे मोटर-जनरेटर इंजिन फिरवते आणि नंतर तेच वीज बनवते. केटरिंगची १९१२ ची कल्पना पुन्हा आली, फक्त ताकद वाढली.

मग एवढी मोठी बॅटरी असताना १२ व्होल्टची छोटी बॅटरी का ठेवली? कारणे दोन. एक, दिवे, हॉर्न, वायपर, कॉम्प्युटर हे सगळे जगभर १२ व्होल्टवरच बनते. दुसरे कारण सुरक्षेचे. शेकडो व्होल्ट जीव घेऊ शकतात. म्हणून गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीचे रिले उघडतात आणि ती बाकी गाडीपासून पूर्ण तुटते. मेकॅनिक किंवा अग्निशमन दलाचा जवान यांच्यासाठी हे आवश्यक आहे. ते रिले पुन्हा जोडायला आणि कॉम्प्युटर जागे करायला बाहेरची वीज लागते. ती छोटी बॅटरी देते.

पलटणीत शस्त्रागाराला आम्ही कोत म्हणतो. कोतची चावी कोतच्या आत ठेवून चालत नाही, ती गार्डकडे असते. गार्ड झोपला तर आत शंभर रायफली असूनही तुम्ही निःशस्त्र. माझ्या दारात त्या पहाटे हेच झाले. मोठी बॅटरी धडधाकट होती, तिला उठवणारे कोणी नव्हते. ती टिक-टिक अपुऱ्या विजेवर जोडू पाहणाऱ्या रिलेंची होती. आणि उपाशी कॉम्प्युटर भलत्याच सूचना दाखवतात, म्हणून मोठा बिघाड झाल्यासारखे वाटते.

छोट्या बॅटरीला इंजिन फिरवायचे नसल्याने तिच्याकडून एकदम शेकडो अँपिअर कोणी मागत नाही. त्यामुळे ती खूप अशक्त होईपर्यंत काम भागते आणि मग एक दिवस अचानक भागत नाही. तिची कसोटी कधी होतच नाही, म्हणून तिचा आजार कळत नाही. काही गाड्यांत तर ती डिकीत असते आणि डिकीचे कुलूप विजेवर उघडते! बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचताही येत नाही. म्हणून अशा गाड्यांत बॉनेटखाली वेगळा टर्मिनल दिलेला असतो.

ती अशक्त का होते?

साधा हिशेब करू. उभ्या गाडीतही अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ थोडी वीज खातात. ती ३० मिलीअँपिअर धरली तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास होतात. पस्तीस दिवसांत २५ अँपिअर-तास. बॅटरी ४० अँपिअर-तासांची असेल तर निम्म्याहून जास्त रिकामी. जुनी असेल तर संपलीच. माझे पुण्यातले पाच आठवडे इथे आले.

दुसरे कारण छोट्या फेऱ्या. हायब्रिडमध्ये अल्टरनेटरऐवजी डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटी बॅटरी भरतो. भाजी आणायला दहा मिनिटे गेलो आणि आलो, एवढ्यात ती भरत नाही. तिसरे कारण ऊन. जबलपूर, नागपूर, जळगाव इथला मे महिना तुम्हाला माहीत आहे. उन्हाळा बॅटरीला आतून झिजवतो आणि हिवाळ्यात ते उघड होते. अर्धवट रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, ते पुन्हा नीट विरघळत नाहीत.

आपण काय करावे?

एक. साधा मल्टीमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे धोका. महिन्यातून एकदा वहीत लिहा.

दोन. गाडी उभीच असेल तर आठवड्यातून एकदा, मोकळ्या हवेत, 'रेडी' दिवा लावून अर्धा-पाऊण तास ठेवा. इंजिन आपोआप सुरू होते, म्हणून बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. नुसते गाणी ऐकायला अॅक्सेसरीवर ठेवू नका, त्यात बॅटरी भरत नाही, उलट संपते.

तीन. रिमोटच्या आत दडलेली धातूची चावी काढून एकदा दार उघडून पाहा. जंप स्टार्टचा टर्मिनल कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच पाहा. पहाटे साडेचारला मॅन्युअल वाचता येत नाही.

चार. प्लस आणि मायनस उलटे लावू नका, नारिंगी तारांना हात लावू नका, आणि मॅन्युअलमध्ये स्पष्ट परवानगी नसेल तर आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी सुरू करून देऊ नका.

पाच. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की दर सर्व्हिसला लोड टेस्ट करून मागा. मोठी बॅटरी गेली असे कोणी सांगितले तर आधी छोटी मोजायला सांगा.

माझ्या गाडीच्या कप्प्यात आता एक लहान वही आहे. तारीख, व्होल्ट, सही. चार्जिंग रूमच्या लॉग बुकसारखीच. सुभेदार मेजर साहेबांनी पाहिली तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या रविवारी मीटर घेऊन तेच आले आणि म्हणाले, "साहेब, आज मी लिहितो."

आज घरी गेल्यावर आपापल्या गाडीची बॅटरी मोजा. पुढच्या भागात भेटूच. जय हिंद!