पिकअप, नेक आणि कपाटावरची गिटार

आजचा विषय गिटारचा आहे, पण सुरुवात आमच्या घरापासून करतो.

इंदूरच्या आमच्या घरात कपाटावर एक इलेक्ट्रिक गिटार बारा वर्षं पडून होती. मी ती रंग बघून घेतली होती. घरी आणून अॅम्पला जोडली, तेव्हा पहिला आवाज तारेचा आलाच नाही. नुसतं ‘घूंऽऽ’ सुरू झालं. महिन्याभरात डाव्या अंगठ्याचं मूळ ठणकायला लागलं. मला वाटलं, आपल्या हातात संगीत नाही. गिटार कपाटावर गेली.

यंदा माझ्या मुलीला गिटार शिकायची होती. मी तीच काढून दिली. चौथ्या दिवशी ती अंगठा चोळत म्हणाली, “बाबा, मला जमेल असं वाटत नाही.” माझंच वाक्य तिच्या तोंडून ऐकलं आणि चरकलो. दुसरी गिटार घ्यायची ठरवली, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. या ‘घूं’ला आणि या ठणक्याला कारण काय? शोधत गेलो ते थेट शंभर वर्षं मागे.

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये गिटारवाल्याची एकच तक्रार होती: ऐकू येत नाही. ट्रम्पेट आणि ड्रमपुढे लाकडी पेटीचा आवाज तो किती! त्या काळात तिथे हवाईयन गिटारचं वेड होतं. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. जॉर्ज बोशँप हा असाच एक वादक. त्याने तारांभोवती नालेच्या आकाराचे चुंबक बसवले आणि तारांखाली तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी ठेवली. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि गुंडाळीत वीज उमटते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्वच हे. अॅडॉल्फ रिकनबॅकरच्या साथीने १९३२ मध्ये ही गिटार बाजारात आली. गोल अंग आणि लांब दांडा, म्हणून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा म्हणायचे. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

इथे एक गंमत लक्षात घ्या. ही गिटार मांडीवर आडवी असायची. तिची मान कोणी मुठीत धरतच नव्हतं, त्यामुळे नेक जाड की बारीक हा प्रश्नच नव्हता. आपल्याकडेही हवाईयन गिटार चांगली रुजली. व्हॅन शिपले आणि कोलकात्याचे सुनील गांगुली यांनी तिच्यावर वाजवलेल्या हिंदी सिनेमांच्या सुरावटी तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तबकड्यांवर वाजल्या असतील. तीही मांडीवरचीच.

मग गिटार उभी धरणाऱ्यांकडे वीज आली. गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये ‘ईएस-१५०’ काढली. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या जॅझ बँडमध्ये चार्ली ख्रिश्चन आला आणि गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलू लागली. तो पंचविसाव्या वर्षीच गेला, पण गिटार मागच्या रांगेतून पुढे आली ती आलीच.

आता ‘घूं’कडे येऊ. तांब्याची गुंडाळी भोळी असते. तिला तारेची थरथर पकडता येते, तशी भिंतीतल्या वायरिंगची आणि ट्रान्सफॉर्मरचीही. घरातली वीज अमेरिकेत सेकंदाला ६० वेळा हेलकावे घेते, आपल्याकडे ५० वेळा. ते हेलकावे आणि त्यांच्या पटीतले सूर एका गुंडाळीच्या, म्हणजे सिंगल कॉइल पिकअपमध्ये शिरतात. माझी गिटार बिघडलेली नव्हती. ती आमच्या घरातली वीज ऐकवत होती.

गिब्सनमधल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने यावर उपाय काढला. एकाऐवजी दोन गुंडाळ्या, शेजारी शेजारी. दुसरीचा वेढा उलटा. बाहेरची घरघर दोन्हींत सारखीच शिरते, पण एकीतून सुलटी आणि दुसरीतून उलटी निघते. बेरीज जवळपास शून्य. मग तारेचा आवाजही शून्य होईल ना? नाही, कारण दुसऱ्या गुंडाळीचा चुंबकही उलटा ठेवला. तारेचा आवाज दोनदा उलटतो, आणि उलट्याचं उलट म्हणजे सुलट. हा हंबकर. १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज गेला, १९५७ मध्ये तो गिटारवर दिसू लागला आणि १९५९ मध्ये पेटंट मिळालं. मधल्या काळात मागे ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी असायची. त्या चिठ्ठीचे पिकअप आज लोक जुन्या दागिन्यांसारखे जपतात.

पण फुकट काहीच मिळत नाही. दोन गुंडाळ्या तारेचा जास्त रुंद भाग ऐकतात, त्यामुळे वरचे तीक्ष्ण सूर थोडे बोथट होतात आणि आवाज भरदार होतो. सिंगल कॉइल घरघरते, पण टोकदार आणि मोकळी बोलते. जिमी हेंड्रिक्सने सिंगल कॉइलची स्ट्रॅटोकास्टर गाजवली. एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये हंबकरची लेस पॉल. दोघांपैकी चुकला कोणीच नाही.

आता अंगठा. पोलादी तारांचा ताण नेकला सतत पुढे ओढत असतो, म्हणून जुन्या नेक जाड ठेवायचे. गिब्सनने १९२३ मध्ये नेकच्या पोटात लोखंडी सळई घालण्याचं पेटंट मिळवलं, ट्रस रॉड. सळईने ताण तोलला की लाकूड कमी करता येतं. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० मधल्या त्याच्या पहिल्या गिटारींच्या नेकमध्ये सळई नव्हती. मेपलचं लाकूड टणक आहे, पुरेल, असा त्याचा हिशोब. काही नेक वाकल्या आणि त्यालाही सळई घालावी लागली.

पुढे नेकचा आकार काळाबरोबर बदलत गेला. फेंडरच्या सुरुवातीच्या नेक गलेलठ्ठ, यू आकाराच्या. पन्नाशीच्या मध्यावर मागे कणा असलेला व्ही आला, मग गोलसर सी. गिब्सनने १९६० मध्ये लेस पॉलची नेक एकदम सडपातळ केली. ‘बारीक नेक म्हणजे वेगवान हात’ हा समज तेव्हापासून असा पसरला की मीही त्यालाच भुललो होतो.

माझी कपाटावरची नेक अशीच पातळ होती. पातळ नेकवर तळव्याला आधार मिळत नाही. मग अंगठा चिमटा काढल्यासारखा दाबत राहतो, आणि त्याच्या मुळाशी ठणका सुरू होतो. काहींना हीच नेक मानवते. मला मानवली नाही, आणि ते मला बारा वर्षं कळलं नाही.

अजून दोन मापं सांगतो. फेंडरच्या बहुतेक गिटारींत तारेची मोकळी लांबी साडेपंचवीस इंच असते, गिब्सनमध्ये पावणेपंचवीस. लांबी कमी तर त्याच सुराला ताण कमी, आणि बोटांना सोपं. जुन्या फेंडरचा फ्रेटबोर्ड जास्त गोल असतो. कॉर्डला छान, पण तार ओढली की कधी कधी सूर अडखळतो. गिब्सनचा त्याहून सपाट.

मुलीला घेऊन दुकानात गेलो तेव्हा आम्ही दोनच गोष्टी केल्या. आधी अॅम्प सुरू करून काही न वाजवता गप्प ऐकलं, मग गिटार हातात धरून हळूहळू दिशा बदलली. सिंगल कॉइलची घरघर कमी-जास्त होते ती तेव्हा कळते. हंबकरच्या गिटारवर ‘कॉइल स्प्लिट’चं बटण असेल तर तेही दाबून बघा, एक गुंडाळी बंद झाली की घूं परत येते. दुसरं म्हणजे, तिला डोळे मिटायला सांगितलं आणि एकामागून एक चार गिटारी हातात दिल्या. प्रत्येकीवर दहा मिनिटं, कारण अंगठा दोन मिनिटांत तक्रार करत नाही.

तिचे हात लहान, म्हणून पातळ नेकच तिला चालेल असं मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. तिने चौघींतली जाड नेकची निवडली. दोन हंबकर, पावणेपंचवीस इंच, रंग मळका तपकिरी. डोळे उघडल्यावर रंग बघून तिचं तोंड जरा वाकडं झालं, पण गिटार तिने खाली ठेवली नाही.

जुनी मी कपाटावरून कायमची खाली काढली आहे. पातळ नेक मानवणारा कोणीतरी शेजारीपाजारी असेलच. तो येईल तेव्हा त्यालाही आधी दहा मिनिटं डोळे मिटून बसवणार आहे.