नामावळीबाहेरची माणसे

नाशिकच्या पंचवटीत रामकुंडावर श्राद्धाला किंवा अस्थिविसर्जनाला आलेल्या यजमानाची नोंद तीर्थोपाध्ये आपल्या वहीत, म्हणजे नामावळीत, करून घेतात: गाव, आडनाव, आजा-पणजा, भाऊ, मुलगे आणि खाली यजमानाची सही. पुढच्या पिढीतले कोणी आले की गाव आणि आडनावावरून ते पान निघते. पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या या वह्यांत महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा इतिहास आयताच सापडेल, असे वाटणे साहजिक आहे. तो मोह आवरलेला बरा. कुळाचा शोध घ्यायला नामावळ अव्वल साधन आहे, पण समाजाचा नमुना म्हणून ती कच्ची आहे. आणखी वह्या जमवल्या तरी तो कच्चेपणा जात नाही.

कारण वहीत कोणाचे नाव चढणार हे योगायोगाने ठरत नव्हते. ज्याला प्रवासाचा खर्च झेपला आणि ज्याच्या घरी तीर्थविधीची रीत होती, तोच घाटावर पोचला. वंश पुरुषाकडून मोजायचा, म्हणून लेकी बहुधा गळाल्या. आणि याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे नेटाने चालवला. जिथे देवळाचे दारच काहींना बंद, तिथली यादी सगळ्यांची कशी मानायची? कोणी म्हणेल, नोंदी अफाट असल्या की चुका आपोआप जिरतात. जिरतात त्या इकडे-तिकडे विखुरलेल्या चुका. सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या असतील तर संख्येने त्या उलट पक्क्या होतात. १९३६ साली अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा करून लँडन यांचा विजय वर्तवला. नावे मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेली, त्यात उत्तर धाडणारेही ठरावीकच. रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे: सरकारी खानेसुमारी तरी कुठे निर्दोष होती? नव्हतीच. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा होता, म्हणजे धर्मशाळेत उतरलेला वऱ्हाडी यात्रेकरूही नाशिकच्या आकड्यात. पण मोजणीदार दारोदार जात होता. उपाध्यायांच्या वहीत आलेल्याचीच नोंद व्हायची. पहिल्या पद्धतीत प्रत्येकाला मोजले जाण्याची वाट होती, दुसरीत अनेकांना मुळीच नव्हती. नमुना पाहणीचे सारे शास्त्र याच फरकावर उभे आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या पाहण्यांना शास्त्रशुद्ध बैठक दिली. नजरअंदाजाच्या आणेवारीऐवजी कोणत्या शेतात कापणी करायची हे तिथे यदृच्छ निवडीने ठरे. चांगले किंवा सोयीचे शेत निवडायची मुभा कोणालाच नव्हती.

मग वह्या निरुपयोगी का? मुळीच नाही, प्रश्न मात्र यात्रेकरूंविषयीच हवा. आगगाडी आल्यावर कोणत्या गावांची पाने भरू लागली, १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत कोणती रिकामी राहिली, एका घराण्याच्या दोन फेऱ्यांत किती वर्षे गेली, हे खानेसुमारीला सांगता येत नाही. त्यासाठीही हाताला लागेल ती वही उघडून चालणार नाही. सर्व उपाध्यायांच्या वह्यांची यादी करून त्यांतली पाने चिठ्ठ्या टाकूनच काढावी लागतील.