रानातल्या शाळेचे मुखवटे



शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी आफ्रिकेतील लाकडी मुखवट्यांचा विषय मी का निवडावा, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. उत्तर सोपे आहे : हे मुखवटे एका शाळेतूनच बाहेर पडले. त्या शाळेला इमारत नव्हती आणि फळाही नव्हता. गावाबाहेरच्या रानात, तात्पुरत्या झोपड्यांत ती भरत असे.

आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्येस, क्वांगो आणि वांबा या नद्यांच्या प्रदेशात यका लोकांची वस्ती आहे. त्यांतील काही अंगोलातही राहतात. त्यांचे राजघराणे लुंडा परंपरेतले आणि राजाची पदवी ‘कियांवू’. या समाजात वयात येणाऱ्या मुलांना एकत्र करून गावापासून दूर नेत, तेथे त्यांची सुंता होई आणि मग पुष्कळ दिवस त्यांचे शिक्षण चाले. या संस्थेचे नाव ‘न्खांडा’. शिकार, गाणी, नाच, सहनशक्ती, वडीलधाऱ्यांशी वागण्याची रीत, स्त्रीपुरुषसंबंधांचे ज्ञान असा तेथील अभ्यासक्रम होता. स्त्रियांना आणि दीक्षा न झालेल्या मुलांना तेथे प्रवेश नसे. मुखवटे कोरणारा कारागीरही आडोशाला बसूनच काम करी.

शिक्षण संपले की मुले मुखवटे घेऊन गावात येत आणि नाचत. या मुखवट्यांना प्रतवारी होती. ‘म्वेलु’ हा विणलेल्या तंतूंचा व पिसांचा, त्याला लाकडी चेहराही नसे. न्देंबा, त्सेकेदी हे त्याहून वेगळे; आणि सर्वांत मानाचा तो ‘खोलुका’, मुलांच्या म्होरक्याचा. लाकडात कोरला जाई तो केवळ चेहरा. त्यावरचा डोलारा काटक्यांच्या सांगाड्यावर राफिया नावाच्या ताडाच्या तंतूंचे कापड ताणून, राळेचा लेप देऊन, रंगवून केलेला असे. खालून झालरीसारखे तंतू लोंबत आणि त्यांच्या आड हनुवटीखाली एक मूठ असे. नर्तक ती हातात धरून मुखवटा तोंडासमोर आणी. रंग प्रामुख्याने तांबडा व पांढरा. पुढे युरोपीय माल पोचू लागल्यावर त्यांत आपल्या घरोघरी वापरली जाणारी, कपड्यांना घालण्याची नीळही आली. परंपरा म्हणजे गोठलेली वस्तू, असे मानणाऱ्यांनी या निळीकडे जरूर पाहावे.

यका मुखवटा ओळखावा तो नाकावरून. ते वर वळते, कधी थेट कपाळापर्यंत जाते. कोणी त्यात हत्तीची सोंड पाहिली, कोणी पौरुषाचे चिन्ह. एकाच अर्थाचा आग्रह धरण्याचे कारण मला दिसत नाही. खोलुकाच्या माथ्यावर तर प्राणी, माणसे, घरे आणि क्वचित उघडउघड चावट प्रसंगही मांडलेले असत. ते पाहून गाव हसे. दीक्षाविधी म्हणजे केवळ गांभीर्य, हा समज येथे टिकत नाही.

नाच संपल्यावर या मुखवट्यांचे काम संपे. ते टाकून दिले जात, कुजत वा विकले जात. पुढच्या तुकडीसाठी नवे घडवले जात. विसर्जनाची उपमा आपल्याला मोह घालील. परंतु येथे देवता नाही आणि निरोपही नाही. उपमा सोडून द्यावी हेच बरे.

युरोपातील संग्रहालयांचे समर्थक नेमका येथेच युक्तिवाद करतात : ज्यांनी टाकले त्यांच्यासाठी आम्ही राखले. खोलुकापुरता त्यात काही अंश खरा आहे. पण ‘काकुंगु’ नावाचा मुखवटा वेगळा. फुगलेले गाल, भरभक्कम हनुवटी, आकाराने थोर. तो मुलांचा नव्हे, तर त्यांच्या रक्षणाची जबाबदारी असणाऱ्या मांत्रिकाचा. त्याचे सामर्थ्य रोग व वंध्यत्व यांवरही चालते अशी श्रद्धा होती. तो टाकायचा नसतो, जपायचा असतो. यकांप्रमाणे शेजारच्या सुकू लोकांतही तो आहे. सगळे मुखवटे एकाच मापाने मोजणाऱ्या युक्तिवादात हा बसत नाही.

काँगो १८८५ पासून राजा लिओपोल्ड दुसरा याची जणू खासगी मालमत्ता होता. १९०८ ते १९६० बेल्जियमची वसाहत. ब्रुसेल्सजवळच्या टेर्व्हुरेन येथील संग्रहालयाचा उगम १८९७ च्या वसाहतविषयक प्रदर्शनात आहे. तेथील भांडारात काँगोतील वस्तू कशा जमल्या, याची हकिगत प्रत्येक वस्तूगणिक निराळी आहे : काही विकत, काही भेट, काही जबरदस्तीने. १९७३ मध्ये मोबुटू यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा प्रश्न मांडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेल्जियमने सुमारे ८४,००० वस्तूंची यादी काँगोच्या पंतप्रधानांच्या हाती दिली.

त्याच वर्षी ८ जूनला राजा फिलिप यांनी किन्शासा येथे, २०१९ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात एक वस्तू सुपूर्त केली. ती होती सुकूंचा काकुंगु. मी आयुष्यभर मराठी शिकवली, म्हणून त्या प्रसंगी योजलेल्या शब्दांकडे माझे लक्ष गेले. मुखवटा ‘परत’ दिलेला नव्हता. तो अमर्याद मुदतीसाठी उसना दिला होता. ज्याचे त्यालाच उसने देण्यासाठी आपल्या भाषेत शब्द शोधून पाहावा. मला सापडलेला नाही. मालकीहक्क सोडण्याची वाट बेल्जियमच्या संसदेने ३ जुलै २०२२ च्या कायद्याने मोकळी केली, तीही दोन राष्ट्रांत करार होईल या अटीवर. काकुंगु किन्शासात उतरला तो या कायद्याच्या पंचवीस दिवस आधी, पाहुणा म्हणून.