शिकारीचे मांस आणि स्नायूंतली अळी

पाचगणीच्या टेबललँडवरून कृष्णेच्या खोऱ्याकडे पाहिले, की उतारावरची शेते आणि त्यांना भिडलेली झाडी दिसते. रानडुकरांचा उपद्रव येथील शेतकऱ्याच्या पाचवीलाच पुजलेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. तरी पिकात शिरलेले डुक्कर मारले गेले की गुपचूप वाटे पडतात, हे खेड्यातील शिक्षकांना ठाऊक असते. वाटेकऱ्यांना धाक असतो तो वनखात्याचा. आम्हाला येथे दुसऱ्याच एका धोक्याचा इतिहास सांगायचा आहे.

1835 साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदन पाहत होता. प्रेताच्या स्नायूंत बारीक पांढरे कण होते. असे कण इतरांनीही पाहिले होते. त्यांनी सुरीची धार जाते, एवढीच त्यांची तक्रार! पॅजेटने कण सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आत वेटोळे घालून बसलेली अळी दिसली. रिचर्ड ओवेन यांनी तिचे नामकरण केले. आज आपण तिला ट्रायकिनेला म्हणतो. पुढील पंचवीस वर्षे ती निरुपद्रवीच मानली गेली.

1860 साली ड्रेस्डेन येथे एक तरुण मोलकरीण विषमज्वराच्या निदानाने दगावली. फ्रीडरिख झेंकर यांना तिचे स्नायू अळ्यांनी गच्च भरलेले आढळले. चौकशीअंती धागा नाताळात कापलेल्या डुकरापर्यंत पोहोचला. 1865 मध्ये हेडर्सलेबेन या जर्मन गावात शंभरावर माणसे मेली, तेव्हा फिरखो यांनी मांसतपासणीचा आग्रह धरला.

अळीची युक्ती साधी आहे. जठररसाने कोष विरघळतो, मोकळ्या झालेल्या अळ्या आतड्यात वाढतात, आणि माद्यांची पिल्ले रक्तावाटे स्नायूंत शिरतात. आधी पोटदुखी व जुलाब, मग ताप, पापण्यांची सूज, अंगदुखी. रक्तात इओसिनोफिल पेशी वाढतात. डुक्कर मात्र धडधाकट दिसते, म्हणून शिकाऱ्याची अनुभवी नजर येथे कुचकामी ठरते.

पाश्चात्य देशांत पाळीव डुकरांतून हा रोग बराच हटला. रानडुकरे व अस्वले यांच्यात तो टिकून आहे. 1897 साली बलूनने उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या आंद्रे यांच्या तुकडीने बर्फावर अस्वले मारून खाल्ली. तिघेही मेले. त्यांचे अवशेष 1930 मध्ये सापडले, आणि 1952 मध्ये ट्रीडे या डॅनिश डॉक्टरांनी उरलेल्या अस्वलमांसात याच अळ्या दाखवल्या. मृत्यूचे कारण तेच होते, हे सर्वांना मान्य नाही. आम्हालाही एवढ्या पुराव्यावर ते पटत नाही. भारतात 1942 साली कलकत्त्याच्या मांजरात ही अळी नोंदली गेली. उत्तराखंडातील टिहरी गढवालमध्ये तर रानडुकराच्या मेजवानीनंतर गावात साथ आली व माणसे दगावली. तिचा वृत्तान्त 2012 साली प्रसिद्ध झाला. मांस नीट शिजलेले नव्हते.

धुरी देणे, मीठ लावणे, वाळवणे यांवर विसंबता येत नाही. गोठवणेही नेहमी पुरत नाही. ध्रुवप्रदेशातील जाती गोठूनही जिवंत राहतात. मांस आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला पोहोचले पाहिजे. तासभर रटरटलेल्या रश्श्यात ते सहज साधते. रानातच विस्तवावर भाजलेला तुकडा मात्र वरून करपतो आणि हाडालगत कच्चाच राहतो.