लिलाव : एका पुकाऱ्याची कुळकथा

गोंदियाकडच्या गावांत एका लिलावाला तीन शब्द लागतात. आधी मुनादी होते. मग हर्रास होतो. आणि त्याचा कागद तयार झाला की त्यावर मथळा पडतो, ‘जाहीर लिलाव’. मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासोळी असो, आठवडी बाजाराची वसुली असो, रेतीघाट असो की डेपोत रचलेलं सागवान असो, हे तीन शब्द एकामागून एक येतातच. कुणी म्हणतं, ‘तलाव हर्रासात गेला’, कुणी म्हणतं, ‘लिलावात गेला’. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखंच कळतं.

या तिन्ही शब्दांचं माहेर एकच आहे, अरबी. मुनादी म्हणजे मुळात हाक देणारा माणूस. आपल्याकडे त्याच्या हाकेलाच मुनादी म्हणू लागले. हर्रास हा अरबीतला ‘हराज’. तो फारसी दरबारी भाषेचा हात धरून खुष्कीच्या मार्गानं आला. गुजरातीत तो ‘हराजी’ झाला आणि विदर्भात हर्रास. तिसरा लिलाव मात्र समुद्रावरून आला, आणि येताना फार मोठा वळसा घालून आला.

अरबीत ‘इअलाम’ म्हणजे कळवणं, जाहीर करणं. त्याला तिथलं ‘अल’ हे उपपद लागून झालं ‘अल-इअलाम’. अरबांची इबेरियात काही शतकं सत्ता होती, त्या काळात हा शब्द पोर्तुगीज भाषेत मुरला आणि त्याचा ‘लेलांव’ झाला. शेवटचा स्वर नाकातला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात स्थिरावले आणि त्यांच्या बाजाराबरोबर हा शब्द किनाऱ्यावर उतरला. चावी, पगार, घमेलं, तुरुंग, पिंप ज्या जहाजांतून आले, त्याच जहाजांतला हाही प्रवासी. जुन्या मराठीत ‘लिलांव’ असं लिहीत. तो अनुस्वार म्हणजे त्या पोर्तुगीज नाकातल्या स्वराची खूण होती. पुढे लिहिताना अनुस्वार गळाला आणि ‘लिलाव’ उरला. हिंदीत ‘ल’चा ‘न’ होऊन नीलाम झाला. मल्याळममध्ये त्याचा लेलम झाला.

या शब्दाची भावंडं पाहिली की मला फार आनंद होतो. इअलाम ज्या धातूपासून होतो, त्याच धातूपासून ‘इल्म’ होतो, म्हणजे ज्ञान. त्याच धातूपासून ‘मालूम’ आणि त्याच धातूपासून ‘तालीम’. तालमीत घुमणारा पैलवान आणि लिलावात बोली लावणारा व्यापारी एका कुळातल्या शब्दांत वावरत असतात. लिलावाच्या पोटात विक्री नाही, पैसा नाही, हातोडाही नाही; तिथे आहे कळवणं. मराठीनं हा अर्थ क्रियापदात जपून ठेवला आहे. आपण लिलाव ‘करतो’, पण त्याहून जास्त तो ‘पुकारतो’. ‘जाहीर लिलाव’ या जोडशब्दात तर एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे.

शब्दाचं कूळ असं उजळ असलं, तरी त्याचं चरित्र तसं राहिलं नाही. डच प्रवासी यान हाउखेन फान लिन्सखोटेन 1580 च्या दशकात गोव्यात होता. त्यानं 1596 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचं वर्णन आहे. तिथे अरबी घोडे विकले जात, मसाले विकले जात, मेलेल्या माणसाचं घरसामान शेवटच्या चिजेपर्यंत विकलं जाई. आणि तिथेच गुलाम म्हणून माणसंही विकली जात. पुकारा सगळ्यांना ऐकू जाई, पण विकल्या जाणाऱ्याला त्यात तोंड नव्हतं. मराठीत या शब्दाला चिकटलेली भीती मला त्या रस्त्यापासूनच सुरू झालेली दिसते. कर्ज थकलं की घराचा लिलाव निघतो, आणि माणसाची बेअब्रू झाली तर तिलाही आपण लिलावच म्हणतो.

पोर्तुगीज गोंदियापर्यंत कधी पोचले नाहीत. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. 1850 च्या दशकात तो इंग्रजांनी खालसा केला, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. मग जंगलं सरकारी झाली, लाकडाचे डेपो आले, रेल्वे आली, आणि कचेरीतल्या कागदांबरोबर लिलाव हा शब्द धानाच्या बांधापर्यंत येऊन पोचला. हर्रास आधीपासून होताच. दोघं शेजारी राहू लागले. अरबस्तानातून वेगवेगळ्या वाटांनी निघालेली दोन भावंडं गोंदियाच्या बाजारात भेटली, असं म्हणायला हरकत नाही.

इथल्या लिलावाचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे तेंदूपत्ता. विडी वळायला तेंदूचं पान उत्तम, हे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं आणि गोंदिया हे विडीचं मोठं केंद्र झालं. मे महिन्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांतली गावं उजाडायच्या आत जंगलात असतात. ऊन चढेपर्यंत पानं तोडून माणसं घरी येतात आणि मग ओसरीवर, झाडाखाली, जिथे सावली असेल तिथे पुडे बांधायला बसतात. एका पुड्यात 70 पानं. फाटकं पान बाजूला, किडकं बाजूला. हाताला इतकी सवय झालेली असते की म्हातारी माणसं गप्पा मारता मारता मोजतात आणि 70 वरच थांबतात. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर जातात, उन्हात वाळायला त्यांच्या रांगा लागतात. मुन्शी वही उघडून बसतो, जो तो आपल्या पुड्यांचा आकडा मोठ्यानं सांगतो आणि तो वहीत उतरतो. मजुरी शेकड्यावर. असे 1000 पुडे झाले की एक प्रमाण गोणी, म्हणजे 70,000 पानं.

त्या पानांचा लिलाव मात्र फळीवर होत नसे. 1969 च्या महाराष्ट्र वनोपज कायद्यानं तेंदूचा व्यापार सरकारच्या हाती आला. हंगामाआधीच जंगलाचे घटक पाडायचे, एकेका घटकाची बोली किंवा निविदा काढायची आणि कंत्राटदार ठरवायचा, अशी रीत पडली. पान तोडणाऱ्याला शेकड्याचा दर माहीत असे. घटक कितीला गेला, ते दूरच्या कचेरीत ठरे. पुढे लिलावातून आलेल्या रकमेतला वाटा प्रोत्साहन मजुरी म्हणून तोडणाऱ्यांना देण्याची पद्धत आली, आणि तो वाटा फार मोलाचा आहे. कारण त्यातून एक तत्त्व मान्य झालं. पानाला नंतर जो भाव येतो, त्यातही तोडणाऱ्या हाताचा हिस्सा आहे.

खरा बदल 2006 च्या वनहक्क कायद्यानं आणला. या कायद्यानं तेंदूसह गौण वनोपजाची मालकी जंगलावर जगणाऱ्या समाजाची मानली. 2013 च्या हंगामाच्या सुमारास गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या काही ग्रामसभांनी ठरवलं की आता आपलं पान आपणच विकायचं. मग जाहिरात ग्रामसभेची निघाली, व्यापाऱ्यांचे दर ग्रामसभेसमोर आले, आणि कुणी किती भाव दिला ते चटईवर बसलेल्या बाईनंही ऐकलं. हे सोपं नव्हतं. व्यापारी एकजूट करून भाव पाडू शकतात, बाजार पडला की गावालाही झळ बसते, हिशेब ठेवणं शिकावं लागतं. तरीही मला ही घटना शब्दाच्या इतिहासातच मोठी वाटते. गोव्याच्या रस्त्यावर ज्याला तोंड नव्हतं, तो इथे पुकारणारा झाला. ‘इअलाम’ आपल्या मूळ अर्थाजवळ परत आला.

आता याच जिल्ह्यातून चित्रांच्या लिलावाकडे जाणारी वाट सांगतो. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म 1922 चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात डेप्युटी रेंजर. ककैया गावच्या शाळेत या चंचल मुलासमोर गुरुजींनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याच्याकडे बघत राहायला सांगितलं, ही गोष्ट रझा आयुष्यभर सांगत आले. पुढे ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले, आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट धरण्याआधी काही काळ गोंदियात ड्रॉइंग मास्तर होते. तालीम आणि लिलाव ही भावंडं आहेत, असं वर म्हटलं. एकाच माणसाच्या आयुष्यात ती अशी भेटतात: गोंदियाच्या पोरांना चित्रकलेची तालीम देणारा हा मास्तर पुढे जगभरच्या लिलावांत पुकारला जाऊ लागला.

1983 मध्ये काढलेलं त्यांचं ‘सौराष्ट्र’ हे चित्र जून 2010 मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे 16.42 कोटी रुपयांना गेलं. तेव्हा रझा 88 वर्षांचे होते. 1989 चं ‘जेस्टेशन’, म्हणजे गर्भधारणा, ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत पंडोल्सच्या लिलावात 51.75 कोटींना विकलं गेलं. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे तर त्याच्याही पुढे गेले. क्रिस्टीजनं भारतातला पहिला लिलाव डिसेंबर 2013 मध्ये मुंबईच्या ताजमध्ये केला, तेव्हा त्यांचं चित्र 23.7 कोटींना गेलं. सप्टेंबर 2025 मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात त्यांच्या 1970 च्या चित्राला 67.08 कोटी आले. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कला चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांची ‘ग्रामयात्रा’ सुमारे 118 कोटींना गेली होती. आणि 2002 मध्ये तैयब मेहतांच्या ‘सेलिब्रेशन’ला दीड कोट आले, तेव्हा सगळा कलाबाजार चकित झाला होता. तेवीस वर्षांत दीडाचे एकशे अठरा.

या चढाची कारणं सांगताना देशात आलेला नवा पैसा सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे. या थोर चित्रकारांचं नवं चित्र आता निघणार नाही, हेही खरं. पण शब्दाचं कूळ ठाऊक झाल्यावर मला आणखी एक कारण दिसतं. पूर्वी चित्राचा भाव गॅलरीवाला आणि घेणारा या दोघांतली गोष्ट होती. लिलावानं ती चव्हाट्यावर आणली. 2000 मध्ये मुंबईत सॅफ्रनआर्ट सुरू झालं आणि त्यानं इंटरनेटवर लिलाव मांडले, तेव्हा बोलीचे आकडे घरबसल्या दिसू लागले. भाव मालूम झाला, आणि मालूम झालेला भाव पुढच्या बोलीची पायरी बनला. अर्थात हा पुकारा अर्धाच असतो. विकणाऱ्याची राखीव किंमत झाकलेली असते, घेणाऱ्याचं नाव पुष्कळदा कळत नाही, आणि न विकल्या गेलेल्या चित्रांची बातमी होत नाही. विक्रमांवरून बाजार जोखणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

पुकाऱ्याचं बळ पाहायचं तर रघुजी भोसल्यांच्या तलवारीची गोष्ट पाहावी. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची तलवार एप्रिल 2025 मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली. ती निघणार हे जाहीर झालं, म्हणूनच महाराष्ट्र सरकारला कळलं, आणि सुमारे 47.15 लाख रुपये खर्चून त्याच ऑगस्टमध्ये ती परत आली. तिचं पातं युरोपी घडणीचं आहे आणि मूठ आपल्याकडची. लिलाव या शब्दाचीही घडण तशीच: दूरदेशीचं पातं, त्याला मराठी मूठ.

राहिला प्रश्न हिश्शाचा. चित्र पुन्हा विकलं जातं तेव्हा हातोड्याखाली आलेली रक्कम विकणाऱ्याला आणि लिलावगृहाला मिळते. ज्यानं ते काढलं, त्याचं काय? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीनं कलम 53 अ आलं. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत हिस्सा मागता येतो. तो दहा टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे जे तत्त्व तेंदूच्या प्रोत्साहन मजुरीत आहे, तेच या कलमात आहे. पण तेंदूचा हिस्सा वाटण्यामागे एक व्यवस्था उभी आहे, आणि आपला हिस्सा किती हे गाव विचारू शकतं. चित्रकार मात्र एकटा असतो. आपलं चित्र कुठे, कधी, कितीला गेलं हे त्याला वेळेवर कळलं तर तो मागणार. कोटींच्या बातम्यांनी हरखणाऱ्या आपण सगळ्यांनी या कलमाबद्दलही बोललं पाहिजे, कलाशाळांत ते शिकवलं पाहिजे. गोंदियातल्या आजच्या ड्रॉइंग मास्तरांनी रंग मिसळायला शिकवताना मुलांना हेही सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

येत्या मे महिन्यातही फळीवर मुन्शी वही उघडेल. रांगेतली बाई पदर सावरून पुढे येईल आणि आपण बांधलेल्या पुड्यांचा आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगेल. व्यापाऱ्याची बोली, कंत्राटाचा कागद, शहरातला भाव हे सगळं त्या आकड्याच्या पाठीमागून येतं. शब्दाच्या कुळाप्रमाणे पाहिलं तर लिलाव तिथेच सुरू होतो.